निवृत्तीची पुंजी आणि करसवलतीची उलटी गंगा



दरवर्षी फेब्रुवारी-मार्च उजाडला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. "या वर्षी ४०१(के) मॅक्स केलंस का?" "बॅकडोअर रॉथ केलंस की नाही?" "एचएसए काढायचा नाही हं, तो वाढू द्यायचा." पावभाजीची प्लेट हातात घेऊन उभ्या उभ्या दिलेले हे सल्ले फुकट असतात आणि बरेचदा चांगलेही असतात. आपल्यापैकी बहुतेकजण मध्यमवर्गीय घरांतून आलो. अंथरूण पाहून पाय पसरायचे आणि पहिल्या पगारापासून चार पैसे बाजूला टाकायचे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागले नाही. त्यात गैर काहीच नाही.

मात्र या गप्पांत एक प्रश्न सहसा निघत नाही. म्हातारपणाच्या नावाने सरकार जी करसवलत देते, ती शेवटी पोहोचते कोणापर्यंत? आणि ज्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही, त्यांच्या म्हातारपणाचे काय?

निवृत्तीच्या बचतीला चालना देण्यासाठी करकायद्यात बदल करण्याचे प्रस्ताव अमेरिकन काँग्रेसपुढे वारंवार येतात. प्रत्येकाच्या शीर्षकात "सुरक्षा", "भविष्य", "बचत" असे गोंडस शब्द असतात, म्हणून सगळेच प्रस्ताव सारखे वाटतात. ते तसे नाहीत. काही प्रस्ताव भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओततात. काही मात्र ज्याच्या दारात नळच नाही त्याच्यापर्यंत पाइप नेऊ पाहतात. आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपण दुसऱ्या प्रकारच्या प्रस्तावांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे, आणि त्यासाठी आपल्याला मिळणाऱ्या सवलतीला थोडी कात्री लागणार असेल तर तीही मान्य केली पाहिजे.

सवलत कोणाला आणि किती?

आपल्या ओळखीतलेच एक उदाहरण घेऊ. नवरा-बायको दोघे इंजिनिअर, दोघे मिळून २४ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये. २०२६ साठी ४०१(के)ची मर्यादा माणशी २४,५०० डॉलर आहे. दोघांनी ती पूर्ण वापरली तर ४९,००० डॉलर करपात्र उत्पन्नातून वजा होतात आणि त्या वर्षीचा फेडरल कर ११,७६० डॉलरने कमी होतो. कंपनीची मॅच वेगळी. पन्नाशी ओलांडली असेल तर माणशी आणखी ८,००० डॉलर टाकता येतात.

आता दुसरे उदाहरण. देसी ग्रोसरीच्या गल्ल्यावर उभी असलेली बाई, डे-केअरमधली सहायिका किंवा वृद्धांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणारी होम हेल्थ एड. तिची कंपनी प्लॅनच देत नाही. समजा तिने स्वतः बँकेत जाऊन आयआरए उघडला आणि वर्षाला १,००० डॉलर टाकले. ती १२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये असेल तर सवलत १२० डॉलर. स्टँडर्ड डिडक्शननंतर करपात्र उत्पन्नच उरत नसेल तर सवलत शून्य. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणजे बचतीच्या एका डॉलरमागे सर्वांत श्रीमंताला ३७ सेंट, आपल्याला २४ सेंट, तिला १२ सेंट किंवा काहीच नाही. बचतीची सर्वांत कमी गरज ज्याला आहे त्याला सर्वांत जास्त मदत, अशी ही उलटी गंगा आहे.

इथे कोणी म्हणेल की हा कर माफ होत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. पैसे काढताना तो भरावाच लागतो. मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. मधली तीस वर्षे व्याजावर, डिव्हिडंडवर आणि शेअरच्या वाढीवर कर लागत नाही, आणि निवृत्तीनंतर बहुतेकांचे ब्रॅकेट खाली येते. रॉथ खात्यात तर नियम पाळले की वाढीवर कधीच कर नाही. हे दोन्ही फायदे जास्त रक्कम टाकणाऱ्याला जास्त मिळतात.

अमेरिकेच्या श्रमखात्याच्या पाहण्या सांगतात की खासगी क्षेत्रातल्या सुमारे ७० टक्के कामगारांना कामाच्या ठिकाणी निवृत्तीचा प्लॅन उपलब्ध असतो, पण प्रत्यक्ष सहभागी होतात ते निम्म्याहून थोडे अधिक. सर्वांत कमी पगाराच्या थरात दोन्ही आकडे आणखी बरेच खाली येतात. आणि हे "दुसरे" लोक आपल्यापासून दूरचे आहेत असे समजू नका. पन्नाशीत भावाच्या स्पॉन्सरशिपवर आलेले आणि आता स्टोअरमध्ये काम करणारे काका त्यात आहेत. एच-४ व्हिसावर कित्येक वर्षे घरी बसून उशिरा वर्क परमिट मिळालेली आणि आता प्रीस्कूलमध्ये शिकवणारी मैत्रीणही त्यात आहे. लॉटरी, कन्सल्टिंग कंपनी, ग्रीन कार्ड या सरळ रस्त्याने जे आले नाहीत, तेही आपल्याच समाजाचा भाग आहेत.

ही व्यवस्था आली कुठून?

१९६३च्या डिसेंबरात स्टुडबेकर या मोटार कंपनीने इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडचा कारखाना बंद केला. पेन्शन फंडात पुरेसे पैसे नव्हते. साठीच्या पुढच्यांना पेन्शन मिळाली, पण त्याखालच्या सुमारे चार हजार कामगारांच्या हाती हक्काच्या डॉलरमागे फक्त १५ सेंट पडले, आणि तरुणांना काहीच नाही. पुढची दहा वर्षे या प्रकरणाची आठवण काढली जात राहिली आणि १९७४ साली 'एरिसा' हा कायदा आला. त्याने पेन्शन फंडांना शिस्त लावली आणि आयआरए हे वैयक्तिक खातेही जन्माला घातले.

४०१(के)चा जन्म मात्र जवळपास आडवाटेने झाला. १९७८च्या रेव्हेन्यू ॲक्टमध्ये हे छोटे कलम घातले गेले तेव्हा त्यातून देशाची पेन्शन व्यवस्था बदलेल असे कोणाच्या मनात नव्हते. टेड बेना या सल्लागाराने त्या कलमाचा उपयोग पगारातून करमुक्त कपात आणि त्यावर कंपनीची मॅच असा करता येईल हे दाखवले. १९८१ मध्ये आयआरएसने नियम जाहीर केले आणि कंपन्यांना आयता मार्ग सापडला. ठरलेली पेन्शन देण्याची जबाबदारी हळूहळू कंपनीच्या डोक्यावरून उतरली आणि कामगाराच्या डोक्यावर बसली. किती वाचवायचे, कुठे गुंतवायचे, बाजार कोसळला तर काय करायचे, किती वर्षे जगू असे धरायचे, हे सगळे आता ज्याचे त्याने बघायचे.

आपल्यापैकी ज्यांचे वडील एसटीत, बँकेत, जिल्हा परिषदेत किंवा महापालिकेत होते, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. त्या घरांत पेन्शन किंवा निदान पी.एफ. आणि ग्रॅच्युइटी ही गृहीत धरलेली गोष्ट होती. त्यासाठी कोणाला फंडांची यादी वाचावी लागत नव्हती.

सवलतीने बचत वाढते का?

करसवलतीचे समर्थन एका गृहीतावर उभे आहे: सवलत दिली की लोक जास्त बचत करतात. हे गृहीत तपासले गेले आहे.

दिल्लीत जन्मलेले आणि हार्वर्डमध्ये शिकवणारे अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या लक्षावधी करदात्यांच्या नोंदी अभ्यासल्या. १९९९ मध्ये तिथल्या सरकारने वरच्या ब्रॅकेटमधल्या लोकांची एका प्रकारच्या खात्यावरची सवलत कमी केली होती. त्या खात्यातली भर घटली खरी, पण तो पैसा बहुतांशी दुसऱ्या खात्यांत गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की सरकारने सवलतीवर घालवलेल्या एका डॉलरमागे एकूण बचत जेमतेम एका सेंटने वाढते. सुमारे १५ टक्के लोक सवलतीकडे लक्ष ठेवून असतात, आणि तेही मुख्यतः पैसा या खिशातून त्या खिशात हलवतात. उरलेले ८५ टक्के तिकडे बघतही नाहीत. त्यांची बचत वाढते ती पगारातून आपोआप कपात सुरू झाली की.

अमेरिकेतला पुरावा याच दिशेने बोट दाखवतो. ब्रिजिट माड्रियन आणि डेनिस शे यांनी २००१ मध्ये एका मोठ्या कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वी नव्या नोकरदाराने फॉर्म भरला तरच तो ४०१(के)मध्ये यायचा. मग कंपनीने नियम उलटा केला: आपोआप सहभाग, नको असेल त्याने फॉर्म भरावा. सहभाग ४९ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेला. पगार तेच, मॅच तीच, करसवलतही तीच. बदलला तो फक्त फॉर्म भरण्याचा आळस कोणाच्या बाजूने काम करतो, एवढा तपशील. ब्रिटनने २०१२ पासून हाच नियम देशभर टप्प्याटप्प्याने लागू केला, आणि पात्र नोकरदारांचा पेन्शनमधला सहभाग सुमारे ५५ टक्क्यांवरून नव्वदीच्या जवळ पोहोचला.

भारतात नोकरी करून आलेल्यांना यात नवल वाटू नये. पहिल्या पगाराच्या स्लिपवर पी.एफ.ची कपात होती तेव्हा आपल्याला कोणी विचारले नव्हते. १९५२च्या कायद्याने ती होत होती आणि कंपनीही तेवढीच भर घालत होती. तेव्हा आपण कुरकुरलो असू, पण घराचे डाउन पेमेंट करताना तीच रक्कम कामी आली. अर्थात, ज्यांच्या आस्थापनांना तो कायदा लागू नव्हता त्या कोट्यवधी लोकांच्या वाट्याला ही सक्तीची बचत आलीच नाही. अमेरिकेतली फटही नेमकी तशीच आहे.

आतापर्यंत काय झाले?

काँग्रेसने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००१ मध्ये कमी उत्पन्नाच्या बचतदारांसाठी 'सेव्हर्स क्रेडिट' आले. कागदावर उत्तम: २,००० डॉलरपर्यंतच्या बचतीवर ५० टक्के क्रेडिट. पण ते भरलेल्या करापेक्षा जास्त मिळत नाही. २०२५चे आकडे घ्या. एकट्या व्यक्तीला ५० टक्क्यांचा दर हवा असेल तर तिचे उत्पन्न २३,७५० डॉलरच्या आत हवे. त्यातून १५,७५० डॉलर स्टँडर्ड डिडक्शन गेले, उरले ८,०००. त्यावर १० टक्क्यांनी कर सुमारे ८०० डॉलर. म्हणजे कायद्याने कबूल केलेले १,००० डॉलर अशा व्यक्तीला पूर्ण मिळूच शकत नाहीत. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!

२०२२च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या 'सेक्युअर २.०' कायद्याने ही चूक बऱ्याच अंशी सुधारली. २०२७च्या करवर्षापासून सेव्हर्स क्रेडिटची जागा 'सेव्हर्स मॅच' घेईल, असे त्या कायद्यात आहे. २,००० डॉलर वाचवले की सरकार जास्तीत जास्त १,००० डॉलर थेट निवृत्तीच्या खात्यात जमा करील, मग तुम्हाला कर लागू असो वा नसो. एकट्या व्यक्तीचे उत्पन्न २०,५०० डॉलरच्या वर आणि जोडप्याचे ४१,००० डॉलरच्या वर गेले की ही मॅच कमी होत जाते, आणि अनुक्रमे ३५,५०० आणि ७१,००० डॉलरवर संपते.

हिशेब करून पाहा. आठवड्याला साधारण ४० डॉलर म्हणजे वर्षाला २,०००. त्यात सरकारचे १,०००. महागाई वजा जाता ५ टक्के परतावा धरला तर तीस वर्षांत आजच्या किमतीने सुमारे दोन लाख डॉलर होतात. सोशल सिक्युरिटीची सरासरी पेन्शन दरमहा २,००० डॉलरच्या आसपास असते. तिच्यावर जगणाऱ्या माणसासाठी ही वरची रक्कम म्हणजे औषध घ्यायचे की वीजबिल भरायचे, या प्रश्नातून सुटका आहे.

त्याच कायद्याचा दुसरा अर्धा भाग मात्र भरल्या पोटी जेवण वाढणारा आहे. खात्यातून सक्तीने पैसे काढायला सुरुवात करण्याचे वय पूर्वी साडेसत्तर होते. ते २०२० पासून ७२, २०२३ पासून ७३ झाले आणि २०३३ मध्ये ७५ होणार आहे. ७३व्या वर्षीही ज्याला या पैशाला हात लावायची गरज पडत नाही, त्याचा हा फायदा. ६० ते ६३ वयाच्या लोकांना २०२५ पासून जास्तीचे ११,२५० डॉलर टाकण्याची मुभा मिळाली. ज्या वयात सामान्य कामगाराचे गुडघे आणि नोकरी दोन्ही डगमगतात, त्या वयात ही मुभा कोण वापरणार हे सांगायला नको.

शिवाय मोठी फट तशीच राहिली. नव्या प्लॅनमध्ये आपोआप सहभाग २०२५ पासून बंधनकारक झाला, पण प्लॅन देणेच बंधनकारक नाही. कॅलिफोर्निया, ऑरेगन, इलिनॉय, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांनी आपापल्या योजना काढून ही फट बुजवायला सुरुवात केली आहे. जिथे प्लॅन नाही तिथे पगारातून थोडी रक्कम आपोआप आयआरएमध्ये जाते. पण टेक्सास किंवा जॉर्जियातल्या त्याच कामाच्या बाईला असे काही नाही. म्हातारपण राज्याची हद्द बघून येत नाही.

कोणते बदल हवेत?

आमच्या मते चार.

पहिला बदल: प्लॅन नसलेल्या प्रत्येक कामगाराला आपोआप खाते. याची कल्पना नवी नाही. २००६ मध्ये ब्रुकिंग्सचे मार्क आयव्री आणि हेरिटेज फाउंडेशनचे डेव्हिड जॉन, म्हणजे डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक, या दोघांनी मिळून 'ऑटोमॅटिक आयआरए'ची योजना मांडली होती. ओबामांच्या अर्थसंकल्पांत ती वर्षानुवर्षे होती आणि मॅसॅच्युसेट्सचे रिचर्ड नील ती विधेयकाच्या रूपात मांडत आले आहेत. त्याहून पुढे जाणारे 'रिटायरमेंट सेव्हिंग्ज फॉर अमेरिकन्स ॲक्ट' हे विधेयक २०२२च्या डिसेंबरात प्रथम मांडले गेले. डेमोक्रॅट सिनेटर जॉन हिकनलूपर आणि रिपब्लिकन सिनेटर थॉम टिलिस यांनी ते एकत्र आणले, आणि त्यामागची मांडणी टेरेसा गिलार्डुची व केव्हिन हॅसेट या विरुद्ध विचारांच्या अर्थशास्त्रज्ञांची होती. सरकारी नोकरांना १९८६च्या कायद्याने 'थ्रिफ्ट सेव्हिंग्ज प्लॅन' मिळाला. त्यात अत्यल्प खर्चाचे मोजके फंड, १ टक्का आपोआप भर आणि वर ४ टक्क्यांपर्यंत मॅच आहे. तशाच धर्तीचे खाते, ३ टक्के आपोआप कपातीसह, प्लॅन नसलेल्या कामगारांना द्यावे आणि कमी-मध्यम उत्पन्नाच्या लोकांची मॅच सरकारने भरावी, असा हा प्रस्ताव. नोकरी बदलली तरी खाते माणसाबरोबर जाते. सिनेटरच्या स्टाफला जे मिळते ते त्याच इमारतीतल्या खासगी कंत्राटी सफाई कामगाराला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला तरी सापडलेले नाही.

दुसरा बदल: सेव्हर्स मॅचची दुरुस्ती. राज्यांच्या योजनांतली खाती बहुतांशी रॉथ प्रकारची असतात, आणि कायद्यानुसार ही मॅच रॉथ खात्यात जमा करता येत नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी ती आहे, त्यांना ती घेण्यासाठी आणखी एक खाते उघडावे लागेल. पुन्हा फॉर्म आणि पुन्हा आळस! ही अडचण काढणे सोपे आहे. उत्पन्नाची मर्यादाही वाढवली पाहिजे. दोघे कमावते असलेले साधे कुटुंब ७१,००० डॉलर सहज ओलांडते आणि तरीही महिनाअखेर खात्यात फार काही उरत नाही.

तिसरा बदल: वजावटीऐवजी सर्वांना समान दराचे क्रेडिट. ३७, २४, १२, शून्य ही उतरंड काढून टाकायची आणि बचतीच्या प्रत्येक डॉलरला सारखी मदत द्यायची. २०२० च्या निवडणूक प्रचारात बायडेन यांनी याच दिशेचा प्रस्ताव मांडला होता. पुढे तो बासनात गेला.

चौथा बदल: महाकाय खात्यांना मर्यादा. 'प्रोपब्लिका'ने २०२१ मध्ये उघड केले की पीटर थील यांनी १९९९ मध्ये दोन हजार डॉलरहूनही कमी रकमेचे शेअर ठेवलेले रॉथ खाते ५ अब्ज डॉलरवर पोहोचले आहे. त्याच वर्षी सिनेटच्या अर्थ समितीने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, ५० लाख डॉलरहून मोठे आयआरए असलेले करदाते २०११ मध्ये सुमारे ९ हजार होते, ते २०१९ मध्ये २८ हजारांहून जास्त झाले. याला म्हातारपणाची तरतूद म्हणायचे? २०२१च्या नोव्हेंबरात प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेल्या 'बिल्ड बॅक बेटर' विधेयकात एक कोटी डॉलरवरच्या खात्यांत श्रीमंतांनी आणखी भर घालण्यावर बंदी होती. बॅकडोअर रॉथचे दारही त्यात बंद होणार होते. सिनेटमध्ये विधेयक अडले आणि २०२२च्या त्याच्या छोट्या आवृत्तीत या तरतुदी राहिल्या नाहीत.

होय, बॅकडोअर रॉथ. म्हणजे आपल्या गप्पांतला लाडका विषय. कायद्याने रॉथ आयआरएला उत्पन्नाची मर्यादा घातली आहे. २०२६ साठी जोडप्याचे उत्पन्न २,५२,००० डॉलरपर्यंत गेले की ते दार बंद होते. आपण मागच्या दाराने आत जातो. ते कायदेशीर आहे, आणि जे करतात त्यांना आम्ही दोष देत नाही. पण पुढचे दार बंद ठेवून मागचे उघडे ठेवणारा कायदा बदलू लागला, तर आपण त्याच्या आड येऊ नये.

काही आक्षेप

"आम्ही आधीच भरपूर कर भरतो." खरे आहे. पण वरच्या चारही बदलांनंतर आपल्याला ४०१(के) राहतो, मॅच राहते, करमुक्त वाढ राहते. जाते ती फक्त शेजाऱ्यापेक्षा दुप्पट मदत घेण्याची सोय.

"ज्याने त्याने आपले बघावे, सक्ती कशाला?" यातल्या कोणत्याही प्रस्तावात सक्ती नाही. नको असेल त्याला बाहेर पडता येते. सक्ती आज आहे ती उलटी: प्लॅन न देणाऱ्या मालकाकडे काम करणाऱ्याला बाहेर राहण्याची.

"गरिबाला आज पैसे लागतात, उद्यासाठी अडकवून काय उपयोग?" हा आक्षेप गंभीर आहे आणि आमच्या दृष्टीने सर्वांत वजनदार. गाडी बिघडली की ४०० डॉलर कुठून आणायचे या विवंचनेतल्या माणसाला तीस वर्षांनंतरचे चित्र दाखवणे क्रूर ठरू शकते. म्हणूनच अशा खात्याला अडीअडचणीचा कप्पा जोडलेला हवा. सेक्युअर २.० ने २०२४ पासून वर्षाला १,००० डॉलरपर्यंत १० टक्के दंडाविना काढण्याची सोय दिली आहे. ती योग्य दिशा आहे. आणि म्हणूनच वैयक्तिक बचत हा सोशल सिक्युरिटीला पर्याय नव्हे, हेही ठासून सांगितले पाहिजे. विश्वस्तांच्या २०२५च्या अहवालानुसार निवृत्तिवेतनाचा राखीव निधी २०३३ मध्ये संपेल आणि काही केले नाही तर त्यानंतर कबूल रकमेच्या ७७ टक्केच देता येतील. २०२६ मध्ये १,८४,५०० डॉलरच्या वरच्या पगारावर हा कर लागत नाही. वर्षअखेरीस आपल्यातल्या काहींचा पगार अचानक वाढल्यासारखा दिसतो तो यामुळेच. ही मर्यादा वर नेण्याचा प्रश्न आज ना उद्या येणार आहे, आणि तेव्हाही आपली हीच परीक्षा होईल.

आपण काय करायचे?

आपल्या काँग्रेस प्रतिनिधीला आणि सिनेटरना पत्र लिहायचे. नागरिकत्व नसले तरी आपण त्यांच्या मतदारसंघात राहतो आणि कर भरतो. एच-१बीच्या प्रश्नावर आपण अशी पत्रे हिरिरीने लिहितो. एक पत्र कधीतरी आपल्याला थेट फायदा नसलेल्या प्रश्नावरही लिहू या. त्यात या चार मुद्द्यांपैकी निदान पहिले दोन असावेत.

पण पत्र लिहिण्याआधी करण्यासारखे काही घरातच आहे. आपल्यापैकी अनेकजण आता स्वतः मालक आहेत. कोणाचे क्लिनिक, कोणाची आयटी कंपनी, कोणाचे रेस्टॉरंट. तुमच्या रिसेप्शनिस्टला निवृत्तीचा प्लॅन आहे का? पन्नासपर्यंत कर्मचारी असलेल्या धंद्याला नवा प्लॅन सुरू करण्याच्या खर्चापोटी पहिली तीन वर्षे दरवर्षी ५,००० डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट मिळू शकते, आणि कर्मचाऱ्यांच्या खात्यात मालकाने घातलेल्या भरीवर वेगळे. 'परवडत नाही' ही सबब यानंतर फारशी टिकत नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. आपल्या मुलांना सांभाळणाऱ्या, आई-वडिलांची शुश्रूषा करणाऱ्या बाईला आपण पगार रोख देतो का? २०२५ मध्ये वर्षाला २,८०० डॉलर किंवा अधिक रोख पगार दिलेल्या घरकामगारासाठी सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर भरणे बंधनकारक होते. ही मर्यादा दरवर्षी ठरते. रोख दिल्याने आपले थोडे पैसे आणि बरीच कागदपत्रे वाचतात, तिलाही आज चार पैसे जास्त दिसतात. पण सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत तिची ती वर्षे कोरी राहतात. पेन्शनसाठी चाळीस तिमाही लागतात. सत्तराव्या वर्षी त्या भरल्या नाहीत असे तिला कळते, तेव्हा आपली मुले कॉलेजातून बाहेर पडलेली असतात आणि तिचा फोन नंबरही आपल्याकडे उरलेला नसतो.

थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण मुलांना शिकवतो. पण थेंब साचायला आधी तळे खणलेले असावे लागते. आपल्यासाठी ते आपल्या कंपन्यांनी आणि कायद्याने खणून ठेवले होते. आपण फक्त पाणी सोडले. ज्यांच्यासाठी ते अजून खणलेले नाही, त्यांच्यासाठी आता कुदळ उचलायला हवी.

— संपादक मंडळ